येडी बाभळ आणि शहाणं गाव

जालना जिल्ह्यात तालुके आठ. जालन्याची आता महानगरपालिका झाली, ते सोडा. बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, या सातांपैकी कुठंही एसटी स्टँडवर उतरा आणि तहसील कचेरीपर्यंत पायी जा. रस्त्याच्या कडेला लोखंडी पिंजरे दिसतील. पिंजऱ्यावर देणाऱ्याचं नाव ठसठशीत, आत झाड बहुतेक नाही. असलंच तर वाळकी काडी. आणि त्याच पिंजऱ्याच्या बुडाला, कोणी पाणी न घालता, कोणी राखण न करता, कंबरेएवढं गाजरगवत. थोडं पुढं नाल्याच्या काठानं येडी बाभळ. नाल्यात बेशरम. लावलेलं मेलं आणि न लावलेलं माजलं, असा आपला सगळा हिरवा कारभार आहे.

माझं भांडण झाडं लावण्याशी नाही. भांडण आहे ते मोजदादीशी. लावलेली झाडं मोजायला माणसं आहेत, जगलेली मोजायला नाहीत, आणि जे उपटायला पाहिजे ते उपटायला तर कोणीच नाही.

जुलै आला की आपल्याला खड्डे खणायची हौस येते. महाराष्ट्र सरकारनं 1 जुलै 2016 ला एका दिवसात 2 कोटी झाडं लावायचं ठरवलं. 2017 ला आकडा 4 कोटी झाला, 2018 ला 13 कोटी, 2019 ला 33 कोटी. बेरीज 52 कोटी. राज्याची माणसं साधारण 12 कोटी धरली तर तान्ह्या लेकरापासून म्हाताऱ्यापर्यंत डोईमागं चाराहून जास्त झाडं झाली. माझ्या वाटची चार मी अजून शोधतोय.

त्यातलं 2018 साल आठवा. जुलैत 13 कोटींची मोहीम झाली आणि 31 ऑक्टोबरला सरकारनंच 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. आपल्या जिल्ह्यातले बहुतेक तालुके त्यात होते. जिथं माणसाला प्यायला टँकर, तिथं रोपाला पाणी कोण घालणार? 2012-13 च्या दुष्काळात आमच्याकडं दहा-दहा वर्षांच्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. ज्या झाडांवर घर चालायचं, पोरीची लग्नं व्हायची, ती झाडं शेतकऱ्याला वाचवता आली नाहीत. मग पिंजऱ्यातलं बेवारस रोप कसं वाचावं? आपल्याकडचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही चार महिन्यांत. बाकीचे आठ महिने झाडानं काय करायचं, याचं उत्तर कोणत्याही उद्घाटनाच्या भाषणात मी ऐकलं नाही.

हिशेब काही अवघड नाही. पाचशे रोपं लावली. आठवड्याला एकेकाला दहा लिटर पाणी म्हटलं तर पाच हजार लिटर, म्हणजे एक टँकर. फेब्रुवारी ते जून धरा वीस आठवडे. वीस टँकर. सोबत एक माणूस, खुरपं घेऊन, आळं करायला आणि शेळ्या हाकलायला. हे तीन वर्षं करा, पाचशेतली साडेतीनशे तरी उभी राहतील. मांडव, फ्लेक्स, हारतुरे आणि नाश्ता यांच्या खर्चात हे बसतं असं माझं मत आहे, ज्याला खोटं वाटतं त्यानं बिलं काढून बघावीत.

आणि हे मी शोधून काढलेलं नाही. ग्रामपंचायतीकडं रोजगार हमीतून ‘बिहार पॅटर्न’ म्हणून एक पद्धत आलीच आहे. मजुराच्या घराला झाडं वाटून द्यायची, त्यानं तीन वर्षं सांभाळायची, आणि जेवढी जगली त्यावर मजुरी. झाड मेलं तर मजुरी कमी, म्हणून माणूस रात्री उठून बघतो. नगरपंचायतीला असंच स्वतःच्या पैशातून करायला कोणी अडवलंय?

आमच्या तालुक्याच्या स्टँडसमोर एक लिंब आहे, छत्रीसारखा. तो कोणत्याच मोहिमेतला नाही. टपरीवाल्यानं टपरीच्या बाजूला लावला आणि कपबशा विसळलेलं पाणी वर्षानुवर्षं त्याच्या बुडात ओतलं. त्याला काही पर्यावरणाची सेवा करायची नव्हती. सावली असली की गिऱ्हाईक थांबतं, एवढंच त्याला कळत होतं. झाड जगायला कोणाचा तरी स्वार्थ त्याच्यात गुंतलेला लागतो. पूर्वी रस्त्याच्या झाडांत असा स्वार्थ बांधून दिलेला असायचा. कडेच्या चिंचांचा लिलाव व्हायचा. लिलाव घेतलेला माणूस फुलोऱ्यापासून राखणीला बसायचा, कोणी फांदीला कोयता लावला की अंगावर धावून यायचा. पोरपणी त्याच्या काठीचा प्रसाद आम्ही सगळ्यांनीच खाल्लाय. सरकारला चार पैसे, त्याला चार पैसे, वाटसराला सावली. आता रस्ते रुंद झाले. त्याला माझा विरोध नाही, मोसंबीची गाडी मलाही लवकर पोचवायची असते. पण वड, चिंचा, लिंब गेले आणि दुभाजकात कण्हेर आणि बोगनवेल आली. कण्हेर जनावर तोंडात धरत नाही म्हणून लावतात. म्हणजे झाड निवडताना पहिला प्रश्न हा, की याच्याकडं लक्ष नाही दिलं तर चालेल का!

जे जुने लिंब-पिंपळ गावात उरलेत त्यांची गत बघा. पावसाळ्याआधी तारेवाले येतात आणि तारेच्या बाजूचा अर्धा डोलारा उतरवून जातात. झाड एका अंगाला कलतं, मग वादळात पडतं, मग सगळे म्हणतात झाड धोकादायकच होतं. कोयत्यानं फांदी अर्धी तोडून ओढली की सालपट बुंध्यापर्यंत सोलून निघतं, तिथं पाणी मुरतं, कीड लागते. हे बाग राखणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला माहीत आहे. छाटणीचं काम मात्र ज्याला हे माहीत नाही त्यालाच मिळतं. खाली म्हणाल तर बुंध्याला भिडवून सिमेंट किंवा पेव्हर ब्लॉक. मुळाला ना पाणी ना हवा. वर खिळे ठोकून क्लासेसच्या पाट्या. आणि रोज सकाळी झाडाच्या बुडातच कचरा पेटवायचा, कारण तिथं वारा लागत नाही.

कायदा आहे. नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा 1975 सालचा आहे, नगरपरिषदेला वृक्ष अधिकारी आणि वृक्ष प्राधिकरण त्यात सांगितलंय. 2021 ला त्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांपुढच्या झाडाला ‘हेरिटेज’ म्हणायचं आणि झाड तोडलं तर त्याचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची. ऐकायला बरं वाटतं. सत्तर वर्षांचा लिंब तोडला, सत्तर काड्या लावल्या. त्या काड्यांचं पुढं काय होतं ते वर आलंच.

आता शहरात राहणाऱ्या वाचकांशी दोन शब्द. तुमच्यापैकी कित्येकांचा आमच्याकडं एक प्लॉट आहे. कोणी नोकरीतल्या पैशातून घेतला, कोणाला वडिलांच्या वाटणीतून आला. कालपर्यंत कपाशीचं वावर होतं, ते एनए झालं, मुरमाचे रस्ते पडले, दगडी खुणा रोवल्या, आणि तुम्ही संभाजीनगरला, पुण्याला निघून गेलात. वर्षातून एकदा येऊन खुणा शाबूत आहेत का बघता. मधल्या काळात त्या प्लॉटवर काय पिकतं ते मी सांगतो. गाजरगवत पिकतं. एकेका झाडाला हजारोंनी बी धरतं, ते वाऱ्यानं जातं, पाण्यानं जातं, ट्रॅक्टरच्या चाकाला लागलेल्या चिखलातून जातं. तुमच्या प्लॉटवरून ते माझ्या बांधावर यायला एक पाऊस पुरतो.

आमच्याकडची जुनी माणसं सांगतात की बहात्तरच्या दुष्काळात मिलो ज्वारी आली, तिच्याबरोबर हे आलं. पण पुण्यात ते 1955-56 च्या सुमारासच दिसलं होतं. अमेरिकेच्या गव्हातून आलं असं मानतात, आणि राज्य तेव्हा काँग्रेसचं, म्हणून नाव पडलं काँग्रेस गवत. कोणी म्हणतं पांढऱ्या टोपीसारख्या फुलांवरून पडलं. कसंही असो, त्यानंतर किती राज्यं आली आणि गेली, गवत आहे तिथंच आहे.

जनावर ते सहसा खात नाही. उपाशी जनावरानं खाल्लंच तर दुधाला कडू वास येतो. खुरपणाऱ्या बायांचे हात, मान, डोळ्यांच्या कडा खाजून खाजून काळ्या पडतात. कोणाला दमा उठतो. आणि शेतकऱ्याचं खरं दुखणं पुढंच आहे. 2006 नंतरच्या दोन-चार वर्षांत कपाशीवर पिठ्या ढेकूण आला तेव्हा शेंड्यावर पीठ सांडल्यासारखं दिसायचं. फवारून फवारून लोक थकले. कपाशी उपटल्यावर त्या किडीनं राहायचं कुठं? गाजरगवतावर. म्हणजे माझ्या शेताचं फवारणीचं बिल काही अंशी तुमच्या प्लॉटवर तयार होतं.

माझ्या बांधाला लागून अशीच एक प्लॉटिंग आहे. त्यातल्या एकाला मी फोन केला. बोलायला चांगला माणूस. म्हणाला, “काका, रिकाम्या जागेवर हिरवं दिसतंय ना, राहू द्या की. नाहीतरी सगळीकडं सिमेंटच झालंय.”

मी म्हणालो, “बापू, हिरवं तर शेवाळही असतं. प्यायच्या रांजणात ठेवता का?”

तो हसला. गवत काही निघालं नाही. तिथून मी नगरपंचायतीत गेलो. तिथं कळलं की खासगी जागेतलं गवत काढणं त्यांच्याकडं नाही, आणि सार्वजनिक जागेतलं काढायला माणूस नाही. टेबलावरच्या पोराचं तरी काय चुकलं, त्याच्याकडं जन्म-मृत्यूचे दाखले होते. त्या वर्षी मीच चार बाया लावून बांधाकडचे प्लॉट उपटून घेतले, मजुरी माझी.

उपाय नाहीत असं नाही. मेक्सिकोतून आणलेला एक भुंगा 1984 साली बंगळूरला पहिल्यांदा सोडला, तो गाजरगवताची पानं खातो. आपलं परभणीचं कृषी विद्यापीठही तो शेतकऱ्यांना देतं. पण त्याचं काम पावसाळ्यातलं, उन्हाळ्यात तो जमिनीत दडतो. तरोट्याचं बी फेकलं तर तरोटा त्याला दाबतो, हेही बऱ्याच गावांत दिसतं. तणनाशकाचं म्हणाल तर फुलं आल्यावर मारून उपयोग काय? गवत उभ्या जागी वाळतं आणि बी जमिनीवर पडायचं ते पडतंच. सगळ्यात खरा उपाय म्हणजे ओल असताना, फुलावर यायच्या आत, हातमोजे घालून मुळासकट उपटणं. 16 ते 22 ऑगस्ट देशभर गाजरगवत जागृती सप्ताह असतो. बरं आहे, पण मृगात पाऊस झाला तर आमच्याकडं पंधरा ऑगस्टला ते फुलून पांढरं झालेलं असतं. सप्ताह आमच्यापुरता तरी जुलैत घ्या. नाहीतरी तेव्हा सगळे फोटोला आलेलेच असतात, एकेकाच्या हातात रोप देण्याऐवजी मोजे द्या.

आता येडी बाभळ. हिच्यावर जरा थांबून बोलायला पाहिजे.

आपली बाभळ वेगळी. तिचं लाकूड औताला, गाडीच्या चाकाला. पाला-शेंगा शेळीला, डिंक बाळंतिणीच्या लाडवात. तिच्याखाली गवत उगवतं, बांधावर असली तरी पीक फार मार खात नाही. येडी बाभळ परमुलखातली, अमेरिका खंडातली. 1877 च्या सुमाराला इंग्रजी अमलात तिचं बी भारतात आलं. पुढं जोधपूर संस्थानानं 1940 साली तिला शाही झाडाचा मान दिला. कच्छच्या बन्नीत 1960-61 ला वनखात्यानं खारं रान अडवायला ती हजारो हेक्टरांवर लावली. आज त्या बन्नीचं कुरण तिनं गिळलंय, आणि गुरं पाळणारे मालधारी हताश झालेत. तामिळनाडूत मद्रास उच्च न्यायालयानं 2017 साली ती काढायचे आदेश दिले. म्हणजे हिला येडं कोणी म्हणावं? आणणारे सगळे शिकलेले होते, आणि प्रत्येकानं ती ‘पाणी न घालता जगते’ याच गुणावर आणली.

आपल्याकडं तिचं ठाणं म्हणजे नदी-नाले, गायरान, स्मशान आणि तलावाची भिंत. पूर आला की काटवनात कचरा अडकतो, पाणी तुंबतं, कडेच्या वस्तीत शिरतं. मग मोहीम निघते. जेसीबी येतो, वरची झाडं मोडतो, ढीग पेटवतो, पेपरात नदीनं मोकळा श्वास घेतल्याची बातमी येते. दुसऱ्या पावसाळ्यात एका बुडातून दहा फोक, आणि आधी जिथून माणूस वाकून जात होता तिथून आता कुत्रंही जात नाही. कारण सरळ आहे. हिचे फोक बुंध्याच्या जमिनीलगतच्या गड्ड्यातून फुटतात. तो गड्डा वीतभर खालून खणून काढला तरच ती मरते. वरून तोडणं म्हणजे छाटणी करून देणं. शिवाय बी जमिनीत वर्षानुवर्षं टिकतं, आणि शेळ्या-गुरं शेंगा खाऊन शेणा-लेंडीतून गावभर पेरतात. म्हणून एकदा काढलं आणि झालं, असं इथं नाही. चार-पाच वर्षं मागं लागावं लागतं.

पण कुऱ्हाड उचलायच्या आधी दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण ती मांडणारी बाई सभेला येत नाही. नदीकाठच्या वस्तीतल्या बाया भल्या सकाळी जळतणाला जातात ते याच काटवनात. उज्ज्वलाचं सिलेंडर घरात आहे, ते भरायला पैसे नाहीत, म्हणून त्यावर टीव्ही ठेवलाय. येडी बाभळीचं जळतण कडक, धूर कमी, आच चांगली. कोळसा पाडणाऱ्यांची पोटं तिच्यावर आहेत. दुष्काळात कुठं हिरवं पान नसताना शेळीला शेंगा मिळाल्या त्या हिच्याच. मोर्चे काढून ‘काटेरी झुडपं हटवा’ म्हणणाऱ्यांच्या घरी गॅस आहे. दुसऱ्या बाजूला ‘झाड ते झाड, एकही तोडू नका’ म्हणणारेही आहेत. त्यांना मी एकदा अनवाणी त्या काटवनात हिंडून यायला सांगणार आहे. काटा मोडला तर महिनाभर ठणकतो.

म्हणून माझं म्हणणं असं, की सगळं एकदम काढूच नका. एका टोकाकडून अर्धा-अर्धा एकर घ्या. काम वस्तीतल्याच माणसांना द्या, गड्डे खणायची मजुरी द्या, आणि निघालेलं लाकूड आधी त्या बायांचं, ठेकेदाराचं नाही. मोकळ्या झालेल्या जागेत त्याच पावसात दुसरं लावा: काठाला करंज, उंबर, जांभूळ, अर्जुनसादडा, वरच्या अंगाला देशी बाभळ आणि बोर, जळतणाला आणि शेळीला. जागा रिकामी ठेवली तर ती तिचीच आहे. आणि उगवलेले बारके रोपटे दरवर्षी ओलीत उपटायला तीच माणसं लावा, त्यांना कुठलं उपटायचं आणि कुठलं ठेवायचं हे कळतं.

एवढं सांगून होईस्तोवर नवीन पाहुणा दारात आलाच आहे. कॉलन्यांच्या भिंतीला, दुभाजकात, बंगल्याच्या फाटकाशी दाट हिरव्या कोनोकार्पसच्या रांगा दिसायला लागल्यात. लवकर वाढतो, पाणी कमी लागतं, जनावर खात नाही. हे कौतुक मी आधी कुठं ऐकलंय? गुजरात सरकारनं 2023 साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली, मुळ्या गटारी आणि जमिनीखालच्या वायरी फोडतात आणि परागानं सर्दी-दमा होतो म्हणून. आपल्या नर्सऱ्यांत तो अजून विकला जातो. नगरपंचायतीनं बांधकामाची परवानगी देताना एवढं तरी बघावं, की फाटकाशी कोनोकार्पस नको आणि रिकामा प्लॉट दरवर्षी श्रावणाआधी साफ पाहिजे, नसेल तर साफ करून खर्च घरपट्टीच्या बिलात. प्लॉटवाल्याला एकदा बिल गेलं की मला फोन करावा लागणार नाही.

आणि रोपांसाठी लांबून ट्रक मागवायचं काही कारण नाही. जून-जुलैत गावातल्याच लिंबांखाली लिंबोळ्यांचा खच पडतो, लोक त्यावरून गाड्या नेतात. पोरांना पिशव्या दिल्या तर दोन दिवसांत पोतं भरेल. फक्त लिंबोळी ठेवून चालत नाही, तिचं उगवणं आठवड्या-आठवड्याला कमी होत जातं. पडली की पंधरा-वीस दिवसांत पिशवीत टोचावी लागते. मी हे अर्जात लिहून दिलं होतं, मेच्या शेवटी. रोपवाटिकेच्या जागेचं पत्र ऑक्टोबरात आलं.